ऋक्ष म्हणजे अस्वल की तारा?

तुमचा प्रश्न असा आहे: संस्कृतात ‘ऋक्ष’ म्हणजे अस्वल, तर मग पंचांगातले ‘जन्मर्क्ष’ म्हणजे जन्मनक्षत्र कसे? हे दोन वेगळे शब्द आहेत की एकच? आणि इतका जुना शब्द मराठीत का टिकला नाही?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर थोडक्यात देतो. शब्द एकच आहे, मूळ अर्थ अस्वल, आणि ताऱ्याचा अर्थ त्या अस्वलाच्याच पाठीवरून आला. तिसऱ्या प्रश्नात तुम्ही जे गृहीत धरले आहे, ते मात्र मला मान्य नाही. ऋक्ष मराठीत टिकला आहे, आणि तुम्ही प्रश्न लिहितानाच तो वापरलाही आहे. ते पुढे सांगतो. प्राकृत शिकवण्यात आणि कोशाच्या कामात माझी तीसेक वर्षे गेली. या शब्दाइतका आनंद फार थोड्या शब्दांनी दिला, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी अमरकोश, म्हणजे अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश, उघडा. तिथे हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. आकाशाच्या वर्गात ‘नक्षत्रमृक्षं भं तारा’ अशी ओळ आहे आणि पशूंच्या वर्गात ‘ऋक्षाच्छभल्लभल्लूकाः’. पहिल्या ठिकाणी तो नपुंसकलिंगी, दुसऱ्या ठिकाणी पुल्लिंगी. म्हणजे अमरसिंहाच्या काळापर्यंत दोन्ही अर्थ स्थिरावले होते आणि लिंगानेही वेगळे झाले होते. नुसत्या कोशावर विसंबणाऱ्याला हे दोन स्वतंत्र शब्द वाटले, तर त्याचा दोष नाही.

आता वेदाकडे जा. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात (5.56.3) मरुतांच्या आवेगाला ‘ऋक्षो न’, म्हणजे अस्वलासारखा दांडगा, अशी उपमा आहे. तिथे तारा हा अर्थ बसवताच येत नाही. दुसरीकडे पहिल्या मंडलात, शुनःशेपाच्या नावावर असलेल्या वरुणसूक्तात (1.24.10) ही ओळ येते: ‘अमी य ऋक्षा निहितास उच्चा नक्तं ददृश्रे कुह चिद्दिवेयुः’. उंचावर ठेवलेले हे ऋक्ष रात्री दिसतात, दिवसा कुठे बरे जातात? यज्ञस्तंभाला बांधलेल्या माणसाच्या तोंडी परंपरेने ही ओळ घातली आहे. मला वेदातल्या सगळ्यात सुंदर प्रश्नांपैकी हा एक वाटतो. वेदातल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या यास्काने ऋक्ष हे नक्षत्रांचे नाव म्हणून दिले आहे, आणि त्याच्या शेजारी ‘स्तृ’ हाही शब्द ठेवला आहे. आपला तारा त्याच कुळातला, आणि इंग्रजीतला स्टारही.

पण या ओळीतले ऋक्ष म्हणजे सगळेच तारे, की काही ठरावीक तारे? इथे शतपथ ब्राह्मण, म्हणजे यज्ञविधींची चर्चा करणारा वैदिक ग्रंथ, मदतीला येते. दुसऱ्या कांडात, अग्न्याधान (यज्ञाच्या अग्नीची स्थापना) कोणत्या नक्षत्रावर करावे याची चर्चा चालू असताना (2.1.2.4) एक वाक्य सहज येऊन जाते: ‘सप्तर्षीनु ह स्म वै पुरर्क्षा इत्याचक्षते’. सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत असत. ब्राह्मणग्रंथ रचणारा माणूस स्वतःच ‘पूर्वी’ म्हणतो आहे! म्हणजे त्याच्या काळातही हे नाव जुने झाले होते. उत्तरेकडचे ते सात ठळक तारे आधी अस्वले होते, मग ऋषी झाले. ऋक्ष आणि ऋषी या शब्दांतले ध्वनीचे अंतर इतके थोडे आहे की, अस्वलांची आठवण पुसट झाल्यावर जटाधारी ऋषींनी ती जागा घेणे अगदी स्वाभाविक होते. सात ऋषींचा उल्लेख ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही आहे, म्हणून हा बदल एका दिवसात झाला असे समजू नका. दोन्ही नावे काही काळ शेजारी नांदली असणार.

माझे मत असे: ऋक्ष हे आधी प्राण्याचे नाव, मग त्या एका तारकासमूहाचे, आणि मग ‘उंचावर ठेवलेले ते’ अशा अर्थाने कोणत्याही ताऱ्याचे. जन्मर्क्षातले ऋक्ष या तिसऱ्या पायरीवरचे आहे.

शतपथाचा हाच उतारा मराठी माणसाला आणखी एका कारणाने ओळखीचा असायला हवा. अस्वलांच्या वाक्याच्या अगदी मागे कृत्तिकांबद्दल म्हटले आहे की, त्या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रे ढळतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठी ग्रंथात या वाक्यावरून त्या निरीक्षणाचा काळ काढण्याचा प्रयत्न केला. आणि त्याला लागूनच कथा आहे की कृत्तिका या आधी ऋक्षांच्या बायका होत्या. त्यांची ताटातूट झाली, कारण ते उत्तरेला उगवतात आणि या पूर्वेला. दीक्षितांच्या गणितावर भरपूर वाद झाले. त्या वादात ऋक्ष हा शब्द बिचारा बाजूलाच राहिला.

आता भारताबाहेर पाहू. ग्रीक भाषेत अस्वलाला ‘आर्क्तोस’ म्हणतात, आणि तेच नाव त्याच सात ताऱ्यांच्या समूहाला आहे. होमरच्या इलियडमध्ये अठराव्या सर्गात अकिलीसच्या ढालीवर ही अस्वल कोरलेली आहे. तिला लोक गाडाही म्हणतात आणि ती कधी समुद्रात बुडी मारत नाही, असे तिथे म्हटले आहे. ती मावळत नाही कारण ती ध्रुवाभोवती फिरते. म्हणून अस्वलाची दिशा म्हणजे उत्तर, आणि म्हणून उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश तो आर्क्टिक. त्याच्या समोरचा तो अंटार्क्टिक, म्हणजे शब्दशः अस्वलाच्या विरुद्ध बाजूचा. दक्षिण ध्रुवाजवळ अस्वलेही नाहीत, हा निव्वळ योगायोग, पण शब्दाला शोभणारा.

ऋक्ष आणि आर्क्तोस हे सख्खे भाऊ आहेत, आणि हे नुसत्या कानाला सारखे लागते म्हणून म्हणत नाही. संस्कृतातल्या ‘क्ष’च्या जागी ग्रीकात ‘क्त’ येणे हा ठरलेला मेळ आहे. संस्कृत ‘तक्षन्’ म्हणजे सुतार, ग्रीक ‘तेक्तोन’. आर्किटेक्ट या शब्दाच्या पोटात हाच तक्षा बसला आहे, आणि आपले लाकूड ‘तासणे’ही त्याच धातूवरून आले आहे. संस्कृत ‘क्षि’ म्हणजे वस्ती करणे, त्याच्या जोडीला ग्रीक ‘क्तिझो’, वसवणे. त्याच रांगेत ऋक्ष आणि आर्क्तोस उभे आहेत. लॅटिनमध्ये हाच शब्द ‘उर्सुस’ झाला, वेल्शमध्ये ‘आर्थ’, फारसीत ‘खिर्स’, आर्मेनियनमध्ये ‘आर्ज’, कॉकेशसमधल्या ओसेटियनमध्ये ‘आर्स’. विसाव्या शतकात हित्ती या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेच्या मातीच्या पाट्या वाचता येऊ लागल्या तेव्हा त्यात ‘हार्तग्ग’ नावाचा हिंस्र प्राणी सापडला, आणि बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ अस्वल असाच घेतात.

हित्ती शब्दाने एक जुना वाद निकाली निघाला, असे मी मानतो. एकोणिसाव्या शतकात वेदांचे अभ्यासक मॅक्स म्यूलर यांनी म्हटले होते की, ऋक्षाचे मूळ ‘ऋच्’, म्हणजे झळकणे, या धातूत आहे; तारे झळकतात म्हणून ऋक्ष, आणि अस्वलही चकचकीत केसांमुळे ऋक्ष; पुढे लोक गोंधळले आणि ताऱ्यांत अस्वल पाहू लागले. कल्पना मोठी मोहक आहे, आणि अजूनही मराठी लेखांतून ती सिद्ध गोष्ट म्हणून फिरताना दिसते. पण ऋच् धातूत ‘त’ कुठून आणणार? ग्रीकात तो ‘त’ आहे, हित्तीत तर ‘त’ आधी आणि ‘ग’ नंतर असा स्पष्ट वेगळा ऐकू येतो. या शब्दाच्या मुळात त्-क् अशी जोडी होती, आणि संस्कृतात तिचा क्ष झाला. ऋच्शी त्याचे नाते लागत नाही. ही व्युत्पत्ती आता सोडून द्यावी.

इथे लोकमान्यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. 1903 साली आलेल्या त्यांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात ‘अमी य ऋक्षा’ ही ओळ पुरावा म्हणून घेतली आहे. ‘उच्चाः’ म्हणजे थेट डोक्यावर, आणि सप्तर्षी डोक्यावर दिसायचे तर माणूस ध्रुवाजवळ हवा, असा त्यांचा तर्क. तो निष्कर्ष आज विद्वान स्वीकारत नाहीत, मीही नाही. ‘उच्चाः’ या एका शब्दावर इतका भार टाकता येत नाही. पण पाहा, त्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातला आर्क्टिक आणि त्यांनी उद्धृत केलेल्या ऋचेतला ऋक्ष हे एकाच शब्दाचे दोन अवतार. मी दरवर्षी वर्गात हे सांगतो, आणि दरवर्षी कोणीतरी मान वर करून पाहतेच.

मग इंग्रजी बेअर, जर्मन बेअर, रशियन मेद्वेद् यांचे काय? तिथे जुना शब्द नाहीसा झाला, आणि तो का गेला ही या कुळातली सगळ्यात मानवी गोष्ट आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये याने 1906 साली हे नीट मांडले. उत्तर युरोपातल्या जंगलात अस्वल हे सगळ्यात भयंकर जनावर. त्याचे खरे नाव घेतले तर ते ऐकेल आणि येईल, अशी भीती. म्हणून लोक नाव टाळू लागले, आणि टाळता टाळता खरे नाव विसरूनच गेले. जर्मानिक लोकांनी त्याला ‘तपकिरी’ म्हटले, निदान बहुतेक अभ्यासक तसा अर्थ लावतात. स्लाव लोकांनी ‘मध खाणारा’ म्हटले. फिनलंडची भाषा वेगळ्या कुळातली, पण तिथेही तो ‘मधाचा पंजा’ झाला.

हे आपल्याला समजावून सांगावे लागू नये. रात्री साप म्हणायचे नाही, लांबडं म्हणायचे, किंवा नुसते जनावर. बांगडी फुटली तरी ती वाढवली. निघताना जातो म्हणायचे नाही, येतो म्हणायचे. गावात साथ आली तेव्हा रोगाचे नाव कोणी घेतले नाही; देवी आल्या. ज्या आजीने आपल्याला हे शिकवले तिला मेयेचा सिद्धांत एका वाक्यात पटला असता.

रशियन मेद्वेद्मध्ये एक गंमत आहे. त्याचे दोन तुकडे म्हणजे ‘मेदु’, मध, आणि ‘एद्’, खाणे. संस्कृतात सांगायचे तर मधु आणि अद्. आपले अन्न याच अद्पासून आले. आणि नेमका हाच समास वेदात आहे: ‘यस्मिन्वृक्षे मध्वदः सुपर्णाः’ (1.164.22), मध खाणारे पक्षी ज्या झाडावर बसतात ते झाड. आपल्याकडे तो पक्ष्यांचा झाला, तिकडे अस्वलाचा. आपल्या जंगलातल्या अस्वलालाही शास्त्रज्ञांनी पुढे ‘मेलुर्सुस’ असे नाव दिले, म्हणजे मधअस्वल. त्याआधी 1791 साली एका इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने लांब नखे पाहून त्याला स्लॉथ समजण्याची चूक केली होती, आणि इंग्रजीत ते नाव अजून चिकटून आहे. मोहाच्या फुलांसाठी आणि वारुळासाठी मैलोन् मैल हिंडणाऱ्या प्राण्याला आळशी म्हणणे मला फार अन्यायाचे वाटते.

आता मराठीकडे येऊ. प्राकृतात ऋक्षाची दोन मुख्य रूपे झाली. शब्दाच्या आरंभीच्या ‘ऋ’चा कुठे ‘रि’ झाला, कुठे ‘अ’. पहिल्या वाटेने रिच्छ, दुसऱ्या वाटेने अच्छ.

रिच्छचे हिंदीत रीछ झाले, आणि मराठीत रीस. रामकथेत वानरांबरोबर जी रिसे लढायला जातात, ती हीच. प्राकृतातल्या ‘च्छ’चा मराठीत स किंवा श होतो, हा आपल्या भाषेचा ठसा आहे. इक्षूचा उच्छु आणि मग ऊस. हिंदीत मात्र ईख. कुक्षीची कूस. मक्षिकेची माशी. क्षेत्राचे शेत, हिंदीत खेत. ऊस, कूस, रीस हे तिन्ही एका साच्यातून निघाले आहेत. हे एकदा कळले की अर्धा मराठी व्युत्पत्तिकोश आपोआप उलगडतो.

रीस आज बोलण्यात फारसा उरला नाही, हे खरे. पण दुसरी वाट पाहा. अमराच्या ओळीत ऋक्षाच्या पाठोपाठ ‘अच्छभल्ल’ हा शब्द आहे. अच्छ म्हणजे ऋक्षच, प्राकृतातून परत संस्कृतात शिरलेला. भल्ल म्हणजेही अस्वल. त्याच भल्लाचा भल्लूक, आणि हिंदी-बंगालीतले भालू, भालुक. (भाल्याचा भल्ल वेगळा. तो बाणाचा प्रकार.) अच्छभल्लमधला ‘भ’ प्राकृतात सैल होऊन ‘ह’ झाला, अच्छहल्ल, च्छचा नेहमीप्रमाणे स झाला, ‘ह’ विरघळून ‘व’ उरला. अस्वल!

म्हणजे तुम्ही अस्वल म्हणता तेव्हा त्यातला ‘अस्’ हा ऋक्ष आहे. आर्क्टिकमधला ‘आर्क्त’ही तोच. आणि शब्द म्हणून अस्वल म्हणजे ‘अस्वल-अस्वल’: एका जुन्या आणि एका नव्या नावाची जोडी. लोकांना जुन्या शब्दाचा अर्थ पुरेसा वाटेनासा झाला की ते ओळखीचा शब्द त्याला जोडतात. पावरोटीत पोर्तुगीज पाव आणि आपली रोटी एकच गोष्ट दोनदा सांगतात, तसेच. तपकिरी अस्वलाचे शास्त्रीय नाव ‘उर्सुस आर्क्टोस’ हेही असेच लॅटिन अस्वल आणि ग्रीक अस्वल. प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने जे अठराव्या शतकात लेखणीने केले, ते महाराष्ट्री प्राकृत बोलणाऱ्यांनी शतकानुशतके आधी जिभेने केले होते.

काही जण ‘अस्वल’चा संबंध ‘अश्व’शी किंवा ‘असु’शी लावतात. तसे करू नका. दुसऱ्या अक्षरातला ‘व’ हा भल्लातल्या ‘भ’चा अवशेष आहे, अश्वातला नव्हे.

जांबवंताबद्दलही तुम्ही ओझरते विचारले आहे. रामायणात तो ऋक्षराज. मराठी घरात तो वर्षातून एकदा नक्की येतो, भाद्रपदातल्या चतुर्थीला. चुकून चंद्र दिसला की आळ येऊ नये म्हणून जो श्लोक म्हणतात त्यात तोच आहे: ‘सिंहः प्रसेनमवधीत्सिंहो जाम्बवता हतः । सुकुमारक मा रोदीस्तव ह्येष स्यमन्तकः ॥’ गुहेत रडणाऱ्या जांबवंताच्या लेकराला दाई समजावते आहे, बाळा रडू नको, हा मणी तुझाच. दिव्याखाली आई हा श्लोक म्हणायची तेव्हा माझे सगळे लक्ष त्या अस्वलाच्या पिलाकडे असे. मात्र वाली-सुग्रीवांचा बाप ‘ऋक्षरजा’ हा वानर आहे, त्याच्या नावातले ऋक्ष पाहून त्याला जांबवंताच्या घरात बसवू नका. महाभारतात कुरूचा आजाही ऋक्ष नावाचा राजा आहे. माणसांना वाघ-सिंहाची नावे देतात, तशी तेव्हा अस्वलाचीही देत.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न होता, महाराष्ट्रात या शब्दाचा जुना लेखी पुरावा कुठे पाहता येईल? आहे, आणि फार लांब जावे लागणार नाही. पुराणांतल्या सात कुलपर्वतांत ‘ऋक्ष’ किंवा ‘ऋक्षवत्’ नावाचा पर्वत आहे, अस्वलांचा डोंगर, विंध्य-सातपुड्याच्या रांगांतला. मेळघाटात आजही अस्वले आहेत, तेव्हा नाव उगाच पडलेले नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत गौतमी बलश्रीचा लेख कोरलेला आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, डोंगरांचा स्वामी म्हटले आहे आणि डोंगरांची नावे दिली आहेत. यादी ‘विझछवत’ अशी सुरू होते, पुढे पारिचात, सह्य, कण्हगिरी. विझ म्हणजे विंध्य. त्याला जोडून आलेले ‘अछवत’ म्हणजे ऋक्षवत्.

तो ‘अछ’ आपल्या अस्वलातला आहे. लेण्यात सकाळी जा, ऊन तिरपे असताना अक्षरे जास्त उठून दिसतात. नावांची ती रांग सापडायला वेळ लागेल. ‘सह्य’ आधी शोधा आणि तिथून मागे या.